होसपाईपाला बांधलेलं गाळणं

१

कृष्णेच्या काठाला, सांगलीच्या खालच्या अंगाला एक घर होतं. घरात धरणेंद्र राहायचा, त्याची बायको त्रिशला राहायची, आणि दोघांचा एकुलता एक लेक सम्मेद राहायचा. धरणेंद्राला सगळं गाव आण्णा म्हणायचं. आणि तिथून ऐंशी किलोमीटरवर, उगवतीला, जतच्या माळावर धरणेंद्राच्या थोरल्या भावाची बायको सुंदरी राहायची, तिची लेक कीर्ती राहायची. थोरला भाऊ लवकर गेला. वाटणीत नदीचं काळं रान धरणेंद्रानं ठेवलं आणि वहिनीला माळाचं पाच एकर दिलं. त्या माळावर होतं काय? दगड, हुलग्याचं रान, एक खोली, आणि एक विहीर. पण विहीर अशी, की भोवतीच्या सगळ्या वस्त्यांना टँकर लागला तरी तिच्या तळाला पुरुषभर पाणी.

त्या पाण्यावर धरणेंद्राचा डोळा गेला. सुंदरीच्या बांधाला लागून एक पट्टी त्यानं विकत घेतली, विहिरीपासून वीस पावलांवर बोर मारली, सहाशे फूट, आणि डाळिंब लावलं. दोन उन्हाळ्यांत बोरीनं विहीर पिऊन टाकली.

सुंदरी आली. दारातल्या पायरीवरच बसली, आत आली नाही.

"भावजी, दोन महिनं बोर बंद ठेवा. पाऊस लागला की करा चालू."

"वैनी, भुईच्या पोटातलं पाणी काय कुणाच्या नावावर नसतंय."

"मग माझ्या नावावर काय हाय, ते तरी सांगा."

धरणेंद्र हसला आणि पेपर वाचायला लागला. त्रिशला आत चुलीपाशी होती. तिनं सगळं ऐकलं. बाहेर येऊन एक शब्द बोलावा, एवढं तिच्यानं झालं नाही. तांब्याभर पाणी घेऊन ती दारात आली तवर पायरी मोकळी होती.

त्याच वैशाखात सुंदरी लोटा आणि पाण्याचं गाळणं घेऊन विहिरीत उतरली ती वर आली नाही. दुसऱ्या दिवशी माणसांनी काढली. बुडायला तळाला पाणीच नव्हतं. ऊन लागलं, असं लिहिलं गेलं. पण ज्यांनी तिला वर काढलं त्यांनी लोटा बघितला होता. पितळेचा जाड लोटा, आणि त्याचा काठ एका बाजूनं बोटभर झिजून गेलेला. खडकावर एक दिवस खरवडून पितळ एवढं झिजत नाही.

कीर्तीला तिचा मामा कराडला घेऊन गेला. लोटा आणि गाळणं आत राहिलं, खोलीला कुलूप लागलं.

२

पुढच्या फाल्गुनातली गोष्ट. दर मंगळवारी धरणेंद्र बाग बघायला जायचा. त्या मंगळवारी सम्मेदही गेला होता. त्रिशला अंगणात ज्वारी निवडत बसली होती. चारच्या सुमाराला गाडी दारात आली, सम्मेद उतरला तो हसतच.

"आई, आज आमी रस्त्यातच राहिलो असतो बघ. सुंदरीअक्काच्या खोलीपाशी आलो आणि गरमीचा काटा गेला की वर! बॉनेट उघडतोय तर वाफच वाफ. वरचा होसपाईप फुटल्याला."

होसपाईप म्हणजे इंजिनातलं उकळतं पाणी रेडिएटरात नेणारी रबराची नळी. ती फुटली की गाडीचा घसा कोरडा पडतो.

"मग आलासा कसं?"

"आण्णांनी जुगाड केला. अक्काच्या खोलीचं कुलूप दगडानं तोडलं. आत घागरीच्या तोंडावर गाळणं होतं, ते काढलं आणि पाईपाला आवळून बांधलं. वरनं बोरीचं पाणी ओतलं. एक थेंब न्हाई गळला, ऐंशी किलोमीटर!"

त्रिशलेचा हात सुपातच थांबला.

आपल्या जैन लोकांत पाणी गाळल्याशिवाय तोंडाला लावत नाहीत. गाळण्यात जे डोळ्याला न दिसणारं बारीक जिवंत राहतं, ती जिवाणी. ती कुठंही झटकायची नसते. ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत ती हळूच परत सोडायची. तिथं जन्मलेला जीव तिथंच जायला पाहिजे. त्रिशला नवी नवरी म्हणून आली तेव्हा हे तिला सुंदरीअक्कानंच हाताला धरून शिकवलं होतं.

ती उठली, गाडीपाशी गेली. बॉनेटमधनं झळ येत होती, लोखंडाला हात लावायची सोय नव्हती. त्या सगळ्या आगीत मधोमध ते पांढरं गाळणं बसलेलं. दुहेरी मांजरपाट, कडेला निळ्या दोऱ्याची टीप. सुंदरीअक्काच्या हातची टीप. त्रिशलेनं बोट लावलं आणि झटकन मागं घेतलं.

गाळणं थंडगार होतं. ओलं होतं, नुकतं घागरीवरनं काढल्यासारखं.

"सम्मेद, काढलं तवा वाळल्यालं होतं का रं?"

"न्हाई की. वलंच होतं."

"दहा महिनं खोलीला कुलूप हाय."

सम्मेदानं डोकं खाजवलं. "कोण धनगर-बिनगर राहिला असंल गं दोन दिस."

"आणि जाताना कुलूप लावून गेला व्हय?"

धरणेंद्र चपला काढत होता. तिथनंच म्हणाला, "फडकं हाय ते. चहा टाक."

"आवं, जिवाणी हाय त्यात. तिच्या हिरीची. तिथंच सोडाय पायजे."

"हीर कोरडी ठणठणीत. काय दगडावर सोडतीस?" आणि तो मोठ्यांदा हसला.

३

सकाळी इलाही आला. मिरजेच्या रस्त्याला त्याचं गॅरेज. वीस वर्षं ह्या घराच्या गाड्या त्याच्याच हाताखालनं गेलेल्या, त्यामुळं गॅरेजला न बोलावता तो दारातच यायचा आणि चहा झाल्याशिवाय पाना उचलायचा नाही.

"काकी, हे कुणी बांधलं?"

"तुझ्या आण्णांनी."

"आणि कुठनं आलं? जतवरनं?" तो हसायला लागला. "थट्टा करता व्हय गरिबाची. आवं, ह्या पायपात पाणी उकळतंय, वरनं दाब असतोय. फडकं बांधून गाडी दहा पावलं जाईना."

"आली की पण."

"आली असंल." इलाही म्हणाला, पण त्याचं हसू कमी झालं.

त्यानं खाली लोखंडी पाटी लावली, रेडिएटरचं पाणी सोडलं. मग गाळणं सोडायला घेतलं. एक वेढा, दोन वेढे, सात वेढे. खाली नळी फाटलेली, बोटभर लांब, ओठ मिटावेत तशी. इलाहीनं क्लिप ढिली केली, जुनी नळी पिळून ओढून काढली, तोंडं घासून साफ केली. नवी नळी कडेच्या उंचवट्याच्या पार आतपर्यंत बसवली, नवी क्लिप आवळली. "लय आवळली की रबर कापतंय काकी, कमी आवळली की गळतंय. हाताला कळाय पायजे." हिरवंगार कूलंट ओतलं. गाडी चालू ठेवून आतली हवा काढली, पंखा फिरेपर्यंत थांबला. खाली कागद पसरून बघितलं. कागद कोरडा.

"आता पाच वर्षं ह्या पाईपाकडं बघू नका."

त्रिशला पाटीकडं बघत होती. इंजिनातनं निघालेलं पाणी तांबूस असतं, गंजाचं, तेलकट. हे पाणी आरशासारखं स्वच्छ होतं. आणि त्यात काहीतरी वळवळत होतं. केसाहून बारीक, असंख्य.

"इलाही, हे काल उकळत होतं ना रं?"

इलाही वाकला. बराच वेळ वाकून राहिला. "डासाची अंडी पडली असतील काकी. रातचं."

"बंद इंजिनात?"

त्रिशला कळशी आणायला आत गेली. तेवढ्यात धरणेंद्र बाहेर आला, त्यानं पाटी उचलली आणि गटारात पालथी केली.

"सगळ्यालाच सोवळं लावती ही," तो इलाहीला म्हणाला. "उद्या डिझेल गाळून भरंल."

इलाही हसला नाही. गाळणं तेवढं वाचलं. त्रिशलेनं ते कळशीत ठेवलं, वर ताटली झाकली. आठ दिवस झाले, पंधरा झाले, गाळणं वाळलं नाही.

४

नळी बदलल्याच्या तिसऱ्या सकाळी गाडीखाली पाणी दिसलं.

हाताच्या रुंदीची एक ओळ, गाडीच्या नाकाखालनं निघालेली. त्रिशलेनं बोट बुडवून बघितलं. कूलंट हिरवं असतं, चिकट असतं. हे साधं पाणी. जिभेला लावलं. मचूळ. नदीकाठच्या नळाला ही चव नाही. माळाच्या पाण्याला असते.

चव तिनं गिळली आणि ओळ कुठं जाते ते बघितलं. अंगणाला उतार मावळतीला आहे, गटाराकडं. सडा टाकला की पाणी आपोआप तिकडं पळतं. ही ओळ उगवतीला चालली होती. चढावर. फाटकापर्यंत गेली होती आणि फाटकाखालनं रस्त्यावर.

त्रिशला भोळी नव्हती. तिनं घरातनं एक सुपारी आणली, त्या ओळीशेजारीच फरशीवर ठेवली. सुपारी गडगडत मावळतीला गेली. पाणी उगवतीलाच सरकत राहिलं.

"फरशी खचली असंल," धरणेंद्र म्हणाला.

पुन्हा इलाहीला बोलावलं. त्यानं रेडिएटरच्या तोंडाला दाबाचा पंप लावला, काटा चढवला, पाव तास बघत बसला. काटा केसभर हलला नाही. पाण्याची बाटली तपासली. हिरवं कूलंट खुणेबरोबर भरलेलं, त्यानं ओतलं होतं तेवढंच.

"काकी, गाडीतलं काय बी कमी झालं न्हाई."

"आणि खाली पडतंय ते?"

इलाहीनं रुमालानं मान पुसली. "खाली पडतंय ते गाडीतलं न्हाई."

त्यानं पंप काढला. बॉनेट मिटलेलं होतं, इंजिन सकाळपासनं गार. आणि आतनं आवाज आला. खर्र. थांबून, खर्र. जसं कोणी पितळेच्या काठानं खडकातलं ओंजळभर पाणी गोळा करतंय. इलाहीनं झटकन बॉनेट उघडलं. आवाज बंद. मिटलं. खर्र.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं काकी," तो हळूच म्हणाला. "म्या लोखंड जाणतो. ह्ये लोखंडाचं न्हाई."

५

एवढं गाडीपाशीच राहिलं असतं तर त्रिशलेनं सोसलं असतं. एका सकाळी सम्मेद फवारणीचं औषध आणायला सांगलीला म्हणून गाडी घेऊन गेला. दुपार झाली तरी पत्ता नाही. फोन लागेना. एक वाजता जतवरनं फोन आला. लालासाहेब, बागेवर ठेवलेला राखणदार.

"काकी, तुमचा सम्मेद हितं हाय. हिरीच्या काठाला बसलाय, पाय आत सोडून."

"काय करतोय?"

"म्या हाक मारली. तर म्हणतोय, थांब, बाई पाणी भरतीया, तिचं हुईस्तवर बसतो."

"आणि आत?"

"आत काय असायचंय काकी? दगूड."

संध्याकाळी सम्मेद आला. ओठ फुटलेले, डोळे लाल. त्याला एवढंच आठवत होतं, की सांगलीच्या नाक्यावर गाडी वळवली तेव्हा स्टेअरिंग लय हलकं लागत होतं. मग एकदम माळ.

त्रिशलेनं किल्ली लपवली, पिठाच्या डब्यात. चौथ्या दिवशी डबा जागेवर, किल्ली डब्यात, आणि गाडी दारात नाही. पुन्हा लालासाहेबाचा फोन. ह्या वेळी सम्मेद काठावर नव्हता. विहिरीला बावीस पायऱ्या. तो सातव्या पायरीवर उभा होता, हात पुढं करून, घागर डोक्यावर द्यायला थांबावं तसा.

त्रिशलेनं फोन ठेवला. सात गेल्या. पंधरा उरल्या. पुढच्या खेपेला तिचा लेक तळाला असणार, हे तिला कोणी सांगायची गरज नव्हती.

६

त्या रोजी सम्मेद परतल्यावर, सूर्य मावळायच्या आत जेवणं झाली. सम्मेद ताटावरनं उठून झोपायला गेला. त्रिशला नवऱ्यासमोर बसली. तीस वर्षांत ती अशी समोर बसली नव्हती.

"बोर बंद करा. पट्टी कीर्तीच्या नावावर करून द्या. तिच्या आईचं पाणी तिला द्या."

"खुळी झालीस?"

"पोरगं हिरीत उतरतंय आवं! तुमचं पोरगं!"

"ऊन लागलंय त्याला. मिरजंला डॉक्टरला दाखवू." धरणेंद्रानं पानाला चुना लावला. "पंधरा दिसांवर बाग तोडाय आलीय. आता एक पाणी चुकलं तर फळ तडकतंय. आणि म्हणं बोर बंद करा. वैनी जित्ती असताना म्या बंद केली न्हाई, मेल्यावर करू?"

त्रिशला त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. त्या तोंडावर लाज शोधत होती. सुपारीच्या खांडाएवढी तरी. नव्हती.

तिच्या आत काहीतरी होतं जे तीस वर्षं मऊ होतं, ते त्या क्षणाला घट्ट झालं. ती उठली, आवाज अगदी साधा ठेवून म्हणाली, "बरं. निदान ते गाळणं तरी हिरीत सोडून येऊ. माझ्या मनाचं समाधान."

"मंगळवारी चल. टाक ते फडकं आणि गप बस जन्मभर."

"बसीन की," त्रिशला म्हणाली.

मंगळवारी सकाळी सम्मेदाला तिनं इलाहीच्या गॅरेजवर नेऊन बसवलं. इलाहीला बाजूला घेऊन सांगितलं, "आमी परत येईस्तवर ह्याचा हात सोडू नकोस."

"काकी, हातातला पाना सोडीन, ह्याला न्हाई सोडायचा." मग त्यानं गाडीकडं बघितलं. "तुमी ह्याच गाडीनं निघालासा?"

"हिलाच जायाचंय रं तिकडं."

७

गाडी कधी चालली नव्हती एवढी गुमान चालली. कवठे गावाच्या पुढं झाडं संपली, माळ लागला. मेंढरांचा एक कळप सोडला तर रस्त्यावर कोणी नव्हतं. त्रिशलेच्या मांडीवर कळशी. काटा मधल्या खुणेच्याही खाली. धरणेंद्र दोनदा म्हणाला, "बघितलंस का? काय सुद्धा झालेलं न्हाई गाडीला."

सुंदरीची खोली दिसली आणि काटा उठला. हळूहळू नाही. कोणी हातानं ढकलावा तसा लाल खुणेवर गेला. इंजिन बंद पडलं, गाडी घरंगळत विहिरीपासून दहा पावलांवर थांबली.

उन्हाचा ताव असा, की सावल्या पायाखालीच. धरणेंद्र शिव्या देत उतरला, बॉनेट उघडलं. त्रिशला त्याच्या मागं उभी राहिली. वाफ नव्हती. नवी काळी नळी जागेवर होती, क्लिपा जागेवर होत्या. आणि नळी हलत होती. मधेच फुगायची, फुगवटा पुढं सरकायचा, मिटायची. पुन्हा फुगायची. उन्हातनं आलेलं माणूस तांब्या तोंडाला लावून घटाघटा पितं तेव्हा गळ्याची घाटी हलते, तसं.

"हवा धरलीय," धरणेंद्र म्हणाला. पण त्याचा हात पुढं गेला नाही. "पाणी घालाय पायजे. कॅन आण."

कॅन रिकामा. रानाची लाईट ह्या आठवड्याला रातची होती, त्यामुळं बोर मुकी. लालासाहेब बाजारला गेलेला. धरणेंद्रानं घाम पुसला, ओठांवरनं जीभ फिरवली. त्याला तहान लागली होती. एकदम, लहान पोराला लागते तशी.

"हिरीत बघ गं. गेल्या पावसाचं काय साचलंय का तळाला."

त्रिशला काठावर गेली. वाकली. बावीस पायऱ्या, आणि खाली पांढरा फटक खडक. भेगा पडलेला. एक पाकोळी नाही, एक पान नाही. ओलीचा वासही नाही.

ती तशीच वाकलेली राहिली आणि म्हणाली, "आवं, एक शेवटचं इचारते. कीर्तीला तिचं पाणी देताय का?"

"परत तेच! पाणी हाय का न्हाई ते सांग आदी!"

पुढं कितीतरी वेळा त्रिशलेनं स्वतःला विचारलं, की ते तोंड आपलंच होतं का. आणि दर वेळी उत्तर एकच आलं. आपलंच होतं. दुसऱ्या कुणाचं नव्हतं.

"हाय," ती म्हणाली. "पुरुषभर हाय. गार दिसतंय."

धरणेंद्र कॅन घेऊन उतरला. तिच्या अंगाला घासून गेला, खाली बघितलंसुद्धा नाही. एक पायरी, दोन, सात. सातवीवर त्याचं पाऊल वाजलं तेव्हा त्रिशलेनं डोळे मिटले. मग मोजत राहिली. वीस. एकवीस. बावीस.

शांत.

मग खर्र. प्लॅस्टिकचा कॅन खडकावर घासल्याचा आवाज. थांबून, खर्र. आणि त्याच्या मागोमाग दुसरा. जड, पितळेचा. दोन्ही एका लयीत लागले, जात्यावर दोन बायका बसाव्यात तसे.

त्रिशलेनं डोळे उघडले. बघायचं नव्हतं, पण बघितलं. तळाला तिच्या नवऱ्याची पाठ वाकलेली, दोन्ही हातांनी कोरडा खडक ओरपत होता, ओंजळी कॅनमध्ये रिकाम्या करत होता. त्याच्या शेजारी आणखी एक पाठ होती. पदर कमरेला खोचलेला. ती पाठ तिनं ओळखली, कारण त्या पाठीमागनं ती पहिल्यांदा विहिरीच्या पायऱ्या उतरली होती. तोंड दिसलं नाही. त्या पाठीनं तोंड वर केलं नाही, आणि त्याबद्दल त्रिशला आजही देवाचे आभार मानते.

तोंड वर केलं ते धरणेंद्रानं. चेहरा हसरा होता.

"थांब जरा," तो म्हणाला. "भरत आलंय. वैनीचं झालं की माझं."

त्रिशलेनं कळशीवरची ताटली काढली. गाळणं दोन्ही हातांत धरलं आणि हळूच सोडलं, शिकवलं होतं तसं. ते उलगडत उलगडत खाली गेलं. खडकावर कापड पडतं तेव्हा आवाज होत नाही. हे पडलं तेव्हा खोल पाण्यात दगड टाकावा तसा आवाज आला, आणि विहिरीतनं गार वारा वर आला, त्रिशलेच्या तोंडावर.

मागं गाडीची नळी सैल पडली. तो घटाघटा थांबला.

ती काठावरच बसली. हाक मारली नाही. सावली विहिरीच्या अर्ध्यावर सरकेपर्यंत बसली. मग लालासाहेब येताना दिसला, तेव्हा ती ओरडली.

८

माणसं उतरली. तळ कोरडा होता. धरणेंद्राचे कपडे मात्र पिळून काढावे एवढे ओले होते आणि बोटांची टोकं राहिली नव्हती. ऊन लागलं, असं लिहिलं गेलं.

पोलिसानं विचारलं, "बाई, उतरले कशाला?"

"पाणी हाय असं वाटलं त्यांना," त्रिशला म्हणाली. ती रडली नाही. लोक म्हणाले धक्का बसला. सम्मेद तिला धरून रडला. त्याच्या केसांतनं हात फिरवताना तिला एवढंच वाटत होतं, की पोरगं माझ्या हाताखाली आहे, ऊबदार आहे, आणि सुंदरीअक्का, आता तुझं-माझं मिटलं.

९

तेराव्या दिवसाच्या आत तिनं बोरीतनं मोटर वर काढली आणि तोंडात दगड-माती भरून घेतली. भाऊबंद भांडायला आले. "बाग जळंल की बाई!" ती म्हणाली, "जळू द्या." कराडला जाऊन कीर्तीला घेऊन आली. पट्टी, डाळिंब आणि वर नदीच्या काळ्या रानातला निम्मा वाटा तिच्या नावावर करून दिला. सही करताना सम्मेद म्हणाला, "आई, आण्णा असते तर—"

"न्हाईत ना?" त्रिशला म्हणाली. "कर सही."

मोटर काढल्याच्या नवव्या दिवशी लालासाहेब पळत आला. विहिरीच्या भेगेतनं पाझर सुटला होता. चैत्र संपेपर्यंत कमरेएवढं झालं, वैशाखात पुरुषभर. अख्ख्या माळाला टँकर चालू होते आणि सुंदरीच्या विहिरीत आभाळ दिसत होतं. बागेतलं एक फळ तडकलं नाही. सम्मेद पुन्हा कधी त्या रस्त्याला भरकटला नाही, दोन्ही रानं तोच बघतो. कीर्तीनं कराडला शिक्षण पुरं केलं आणि खोली पाडून चार खोल्यांचं पक्कं घर बांधलं.

ह्या वैशाखात तिचं लग्न झालं, तिथंच, विहिरीशेजारी मांडव घालून. सगळ्या वस्त्यांना आवतण होतं. इलाही बायकोला, जरिनाला, घेऊन आला आणि वाढायला लागला. खपली गव्हाची हुग्गी, गूळ घातलेली खीर, होती, वर तुपाची धार. दिवस मावळायच्या आत हजार माणूस जेवलं, त्यांची मेंढरं पाणी प्याली, आणि विहीर वीतभरसुद्धा उतरली नाही.

"काकू, तुमी अजून जेवला न्हाईसा," कीर्ती हळदीच्या हातानं तिला ओढत म्हणाली. "चला, माझ्याशेजारी बसा."

त्रिशला शेवटच्या पंगतीला नवरीशेजारी बसली. हुग्गी तिनं दोनदा मागून घेतली, आणि पोटभर जेवली.